बायाक्काचा मचवा

आमच्या वडगावच्या गल्लीत माणूस गाव सोडायचा तो एकतर देवासाठी, नाहीतर कुणाच्या तरी दुखण्याखुपण्यासाठी. बाळंतपण, बारसं, मयत हे सगळं दुखण्यातच जमा. यातलं काहीच नसताना कुणी ट्रंक भरायला घेतली, तर शेजारचे माग थांबायचे आणि बायका दारात यायच्या. म्हणून माझी नणंद बायाक्का एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता आपल्या भावाला म्हणाली, "सुबराव, मला मचवा भाड्यानं घ्यायचाय," तेव्हा आमच्या घरात काय झालं असेल ते तुम्हीच ताडा.

सुबराव म्हणजे माझे मालक. नवऱ्याचं नाव मी इथं एकदाच घेते, तेही तुम्हाला कळावं म्हणून. पुढं आपलं मालक. तर मालकांना ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पोटात गेल्यावर त्यांनी विचारलं, "मचवा म्हंजे? पाण्यातला?"

"न्हाय, झाडावरचा," बायाक्का म्हणाली. "शिडाचा मचवा रं. वेंगुर्ल्याला मिळतोय. त्यात बसायचं, ह्या बेटावरनं त्या बेटावर जायचं, रातीला त्यातच निजायचं आणि परत यायचं."

"आणि?"

"आणि काय?"

"देव कुठल्या बेटावर हाय?"

"कुठल्याबी न्हाय."

मालक माझ्याकडं बघायला लागले. घरात काही विपरीत निघालं की आधी बायकोकडं बघायचं, ही नवऱ्यांची खोड मी माहेरी, सासरी, सगळीकडं पाहिली आहे. मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. मला या भानगडीतलं काडीचंही ठाऊक नव्हतं.

बायाक्का त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत कपाळ पुसून परत आली. तेव्हापासून ती आमच्या सोप्यातल्या रहाटाशी बसलेली. आमचे तीन माग. एकावर मालक, दुसऱ्यावर मी, तिसऱ्यावर रोजानं येणारा शामू. आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडं धावतो तो धोटा, आणि तिन्ही धोट्यांत घालायच्या सुताच्या कांड्या रहाटावर एकटी बायाक्का भरायची. कांडी नसली तर धोटा रिकामा, आणि धोटा रिकामा तर माग मुका. पण लुगडं बाजारात गेलं की लोक विचारायचे, कुणी विणलं? कांड्या कुणी भरल्या, असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

उरल्यासुरल्या सुताचे टॉवेल करून घेऊन ती बेळगावच्या कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांवर विकायची. तेवढा एक धंदा तिचा स्वतःचा. तिथल्या एका मडमेच्या घरी सामानाची बांधाबांध चालली होती. कुठं निघालात म्हणून हिनं विचारलं, तर मडम तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाली, साहेब आणि मी शिडाची होडी भाड्यानं घेऊन बेटाबेटांतून हिंडणार. बायाक्कानंही आधी तेच विचारलं जे पुढं सगळ्यांनी तिला विचारलं, "उधर कौन देव है?" मडम हसली आणि म्हणाली, "देव नहीं. हवा." त्या दिवशी बायाक्का टॉवेलांचं गाठोडं तिथंच विसरून घरी आली.

"आक्का, लोक काय म्हणतील?" मालकांनी विचारलं.

"काय म्हणतील?"

"म्हणतील, सुबरावाची बहीण समुद्रावर हवा खायला गेली."

"मग खरंच म्हणतील की." तिनं ताट बाजूला सारलं. "ऐक. चिकोडीला गेलतो ते मावशीच्या दुखण्याला. निपाणीला गेलतो ते तिच्या लेकीच्या बाळंतपणाला. महिनाभर धुणी धुतली, गावाची वेस कुठल्या अंगाला हाय तेबी बघितलं न्हाय. सौंदत्तीच्या डोंगराला गेलतो ते तुला पोर व्हावं म्हणून. गुंजीला गेलतो ते तुझ्या मेव्हण्याचं भांडण मिटवायला. सुबराव, एकदा मला माझ्यासाठी जायचंय. कुणाचं काम नको, कुणाचं दुखणं नको. मेल्यावर मला न्हेशील ते वडगावच्या मसणातच न्हेशील. त्याच्या आधी एकदा."

माझं आणि बायाक्काचं रोज वाजायचं. मीठ जास्त पडलं यावरून, सूत ओलं राहिलं यावरून, पोरांना कुणी रागवायचं यावरून. पण त्या संध्याकाळी तिचं बोलणं ऐकताना माझी तव्यावरची भाकरी करपली. सौंदत्तीचा नवस माझ्या पोटासाठी होता. डोंगर ती अनवाणी चढली होती. पेढे आम्ही खाल्ले होते.

"मी जाणार," ती उठता उठता म्हणाली. "तुमी येताय का न्हाय, तेवढं सांगा."

एकट्या बहिणीला सोडणं मालकांना शक्य नव्हतं, आणि हे ती ओळखून होती. दोन दिवस धुसफूस केल्यावर ते म्हणाले, "बरं. बघूया." आमच्या घरात याचा अर्थ होकार असा होतो.

सकाळी शेजारची नागुबाई दारात हजर. हातात नारळ आणि खणाचा तुकडा. "वेंगुर्ल्याला निघालीस म्हण की. मग सातेरीची ओटी भरून ये माझ्या नावानं."

"मी देवीला निघालो न्हाय, नागुबाई."

"मग वाटेवरच हाय की ती."

"देवीला जायचं तर देवीला म्हणून जाईन. एका कामात दुसरं काम चोरून घुसडणार न्हाय."

"अगं, मग जातीस तरी कशाला?"

"बसायला."

"बसायला कट्टा काय थोडा हाय?" नागुबाई खरोखर बुचकळ्यात पडली होती. बायाक्का देवाला मानत नव्हती म्हणावं, तर रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा पीत नसे. नागुबाई नारळ घेऊन परत गेली, पण जाताना मालकांशी काहीतरी कुजबुजली. मी ते पाहिलं आणि तेव्हा सोडून दिलं.

मचव्याची सगळी जुळणी मारुतीरावांमार्फत झाली. शहापूर पेठेतले हे व्यापारी आमची लुगडी घ्यायचे आणि खाली वेंगुर्ल्याला पाठवायचे. आधी ते पोट धरून हसले. "तुमी घाटावरची माणसं. लाट बघूनच ओकाल." पण बायाक्का त्यांच्या ओट्यावरून हलेना, तेव्हा त्यांनी भिवा तांडेलाचं नाव सांगितलं. तांडेल म्हणजे मचव्याचा धनी, दर्यात ज्याचा शब्द चालतो तो. बायाक्कानं इसार म्हणून तांडेलणीसाठी एक लुगडं पाठवलं, लाल काठाचं, जांभळं. ते माझ्याच मागावरचं होतं. मी हरकत घेतली नाही, फक्त दोन दिवस तोंड फुगवून बसले.

मारुतीरावांकडून तिनं सगळी बेटं पाठ करून घेतली होती. घरी येऊन सोप्यात शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिनं कांड्या मांडल्या. ही दिव्याची बेटं, दीपगृह असलेली, वेंगुर्ल्यासमोरची. हे निवतीपुढचे खडक. आणि ही मोठी कांडी म्हणजे मालवणचा पाण्यातला किल्ला. मग एक धोटा हातात घेऊन तिनं तो बेटाबेटांतून फिरवला. दिवसा इथं, मग इथं, आणि रात्री इथं. स्वयंपाक वाळूवर उतरून करायचा. सोबत कडक भाकरी, शेंगांची चटणी, गूळ. कुठं काय बघायचं असं मी विचारलं तर म्हणाली, "जे दिसंल ते." शामू काम सोडून ते बघत उभा राहिला आणि मालकांनी त्याला हाकललं, पण मग स्वतःच येऊन उभे राहिले.

"कधीचं कळवू?" मारुतीरावांनी विचारलं.

आम्ही तिघं एका तोंडानं म्हणालो, "अमावस्येला."

यात विचार करण्यासारखं काही आहे, असं आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही. विणकराच्या घरी अमावस्येला माग बंद. त्या दिवशी धोट्याला हात लावायचा नाही, मागाला हळदकुंकू व्हायचं आणि माणसांनी पाय पसरून बसायचं. आमची सुट्टी म्हणजे अमावस्या. सुट्टी दुसऱ्या कुठल्या दिवशी असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मारुतीराव जन्मभर विणकरांत वावरलेले. त्यांनाही ते इतकं बरोबर वाटलं की त्यांनी जसंच्या तसं कळवून टाकलं. खालून निरोप आला, अमावस्येला जरूर या, मचवा तुमचाच. कार्तिकातली अमावस्या ठरली. अमावस्येला जोडून प्रतिपदा घ्यायची आणि बीजेला मागावर परत, अशी मालकांनी सवलत दिली.

पण आमच्या घराण्याची आणखी एक रीत होती. मागावर अर्धं लुगडं ठेवून घरच्यांनी गावाबाहेर रात्र काढायची नाही. माझे सासरे एकदा तसे गेले आणि परत आल्यावर उंदरांनी ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, कुरतडलेला सापडला. तेव्हापासून ही रीत. आता तीन माग आणि तिन्हींवर तीन ठिकाणी पोचलेली लुगडी. माझं निम्म्यात, मालकांचं नुकतं सुरू झालेलं, शामूचं पदरावर आलेलं. तिन्ही निघायच्या आधी मागावरून उतरायला हवीत, नाहीतर मचवा गेला.

मग बायाक्कानं घराचा ताबा घेतला. रहाट पहाटे सुरू व्हायचा. मालकांच्या मागाला तिनं कधी कांडी कमी पडू दिली नाही. ते उठून तंबाखू मळायला लागले की ही नवी कांडी त्यांच्या पुढ्यात आपटायची. शामूचं लुगडं उतरल्यावर तिनं त्याला नवं चढवू दिलं नाही, मालकांच्या मागावर दुपारचा बसवला. मालक म्हणाले, माझ्या मागावर दुसऱ्याचा हात नको, वीण बदलते. "बदलू दे," ती म्हणाली, "नेसणारीला कळणार न्हाय." मला तर तिनं जेवायला सुद्धा घाई केली. मी चिडून म्हटलं, "हवा खायला जायचं म्हणून इथं जीव जायची पाळी आली की." तिनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि रहाटाशी जाऊन बसली. चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं लुगडं कापून मागावरून उतरलं, तेव्हा तिघांच्याही माना अवघडल्या होत्या. पोरांना नागुबाईच्या ओटीत घातलं आणि आम्ही निघालो.

सर्व्हिस मोटार आंबोलीचा घाट उतरताना मालकांना मळमळायला लागलं. मी त्यांना लिंबू हुंगायला दिलं. बायाक्का खिडकीशी बसून सगळं डोळ्यांनी पिऊन घेत होती. वेंगुर्ल्याला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. आम्ही धर्मशाळेत टेकलो आणि सकाळ झाल्याझाल्या, अमावस्येला, बंदराकडं चालत गेलो.

समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. तो कसा होता हे मला सांगता येणार नाही, सांगितलं तरी खोटं वाटेल. बायाक्का त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं पदर डोक्यावरून खांद्यावर घेतला. असं मी तिला घराबाहेर कधी बघितलं नव्हतं.

तांडेलाचं घर शोधावं लागलं नाही. जाळी वाळत टाकणाऱ्या एका बाईच्या अंगावर माझ्या मागावरचं जांभळं लुगडं होतं. तिनं आम्हाला हाका मारून बसवलं, पेज दिली. मचवाही तिथंच होता. पण तो वाळूवर ओढून ठेवलेला होता, शीड गुंडाळलेलं, आणि भिवा तांडेल त्याच्या सावलीत बिडी ओढत बसला होता.

"चला," बायाक्का म्हणाली. "आमी तयार हाय."

"खंय?"

"बेटांवर."

तांडेल आधी हसला. मग आम्ही हसत नाही हे बघून थांबला. "आज? आज अवस मगे. अवसेक उधाण येता. बेटार उतरूची जागा पाण्याखाली जाता, खडकांकडे पाण्याक ओढ आसता. आज कोण मचवो घालता दर्यात?"

"तुमीच म्हणालात, अमावस्येला या," मालक म्हणाले.

"येवा म्हणालंय. माका वाटला, तुमी अवसेक येतलास, चार दीस रवतलास, दर्यो बघतलास. पंचमी जाऊंदे, मगे न्हेतंय." त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती. त्याच्याकडंही अमावस्येला काम बंद होतं, आमच्यासारखंच. आम्ही आमच्या सुट्टीला त्याच्या सुट्टीवर येऊन धडकलो होतो.

मालकांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा संताप आला.

"झालं तर मग," ते म्हणाले. "समुद्र बघितला. पाय भिजवू. सातेरीची ओटी भरू आणि उद्याच्या मोटारीनं परत जाऊ." आणि त्यांनी पिशवीतून नागुबाईचा नारळ बाहेर काढला. तो त्यांनी गुपचूप बरोबर आणला होता. "गल्लीत कुणी विचारलं तर देवीला गेलतो म्हणायचं. कुणाचं तोंड उघडणार न्हाय."

बायाक्का त्या नारळाकडं बघत राहिली. चिकोडी, निपाणी, सौंदत्ती, गुंजी, आणि आता वेंगुर्लं. इथंही ती एका कामाला आलेली ठरणार होती, आणि तेही दुसऱ्याच्या. मला हे इतकं लख्ख दिसलं की मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि वाळूत बसकण मारली.

"मी थांबतो," ती म्हणाली.

"पंचमीपतोर?"

"पंचमीपतोर."

"आक्का, येड लागलंय काय? परक्या गावात एकटी बाई? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"बीजेला नवा ताणा चढवायचाय. मारुतीरावाची लग्नसराईची लुगडी हाईत. कांड्या कोण भरणार?"

तांडेलीण जाळं झटकायची थांबली.

"ह्ये बोललास," बायाक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कवापासून लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील. कांड्या कोण भरणार म्हण की सरळ. तू भर. नागुबाईला सांग. न्हाय भरल्या तर माग गप बसू देत. माग गप बसला म्हणून कोण मेलेलं मी बघितलं न्हाय."

"आक्का..."

"सुबराव, तू माझा भाऊ हाईस. तुझ्यावर माझा राग न्हाय. पण मी उठणार न्हाय."

माझ्या तोंडून शब्द निघून गेला, "मग मीबी थांबतो."

मालकांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं, पण या वेळी वेगळ्या नजरेनं. "तूबी?"

"तुमीच म्हणालात न्हवं, एकटी बाई कशी राहील? आता दोघी झालो. लोकांना बोलायला जागाच न्हाय उरली."

मग त्यांनी भाकरीचं गाठोडं आमच्यापुढं ठेवलं, त्यातल्या दोन स्वतःसाठी काढून घेतल्या आणि नारळ पिशवीत टाकला. "पोरांना काय सांगू?" एवढंच त्यांनी विचारलं. "सांगा, आत्ती हवा खायला गेली," मी म्हटलं. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. दुसऱ्या सकाळी मोटारीत बसताना त्यांनी तांडेलाला दोनदा हात जोडले. बाईमाणसं आहेत, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

मग सुरू झालं थांबणं, आणि ते मला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. बायाक्काच्या हातांना रिकामं राहायची सवय नव्हती. सकाळी उठून तिनं तांडेलणीचं अंगण झाडलं, दुपारी भांडी घासली, संध्याकाळी जाळ्याचं सूत गुंडाळायला बसली. तांडेलणीनं ते तिच्या हातातून ओढून घेतलं. "तू काम करूक इलंस काय? मगे घराकच रवाचा होता." बायाक्का लाजली. हात मांडीवर ठेवून बसून राहिली, पण बोटं आपोआप हलत होती.

शेजारणी यायच्या आणि विचारायच्या, बेळगावची बायकामाणसं कुठल्या देवाला आली आहेत? बायाक्का "कुठल्याच न्हाय" म्हणायची आणि त्या एकमेकींकडं बघायच्या. असं दर दिवशी. बीजेचा दिवस उजाडला तेव्हा ती वाळूत बसून अचानक म्हणाली, "मालू, जाऊया काय गं परत? तिकडं ताणा चढला असंल. शामूला कांड्या भरता येत न्हाईत. गुंता करून ठेवंल."

मी तिच्यावर अशी खेकसले की वाळूतले खेकडे बिळात गेले असतील. "तुझ्यापायी मी नवऱ्याला एकटा धाडला. पोरं दुसऱ्याच्या घरात ठेवली. आता परत गेलीस तर जन्मात तुझ्याशी बोलणार न्हाय. बस गप."

"बसतो की," ती म्हणाली. आणि खरंच बसली. दुसऱ्या दिवशी तिची बोटं जरा कमी हलली. तिसऱ्या दिवशी ती दुपारभर सुरूच्या झाडाच्या सावलीत झोपली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. मी तिच्याजवळ बसून माश्या हाकल्या. दिवसाउजेडी झोपलेली बायाक्का मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, ती तापानं फणफणली होती तेव्हा सुद्धा नाही.

पंचमी गेली. षष्ठीच्या सकाळी तांडेलानं आणि त्याच्या चार गड्यांनी मचवा वाळूवरून पाण्यापर्यंत ढकलत नेला. पाणी शांत होतं. समोर दिव्याची बेटं स्वच्छ दिसत होती. मी भाकरीचं गाठोडं उचललं आणि चढायला लागले, तर तांडेलानं हात आडवा केला.

"थांबा. गाऱ्हाणा घालूक होया."

त्यांच्याकडं ही रीत. नवं माणूस दर्यात न्यायचं तर आधी देवाला मोठ्यानं सांगायचं, हा कोण, कुठला, कशासाठी निघालाय, काय मागतोय. न सांगता नेलं तर दर्या विचारतो. तांडेलानं हातात नारळ घेतला, डोक्याचं फडकं काढून खांद्यावर टाकलं आणि बायाक्काकडं वळला.

"बोल बाये. कोणासाठी जातंस? काय मागतंस? नवस काय?"

गडी थांबलेले. तांडेलीण कमरेएवढ्या पाण्यात मचव्याची कड धरून उभी. मला वाटलं, आता काहीतरी सांगून टाकावं. मागाला बरकत मागावी, पोरांना विद्या मागावी. माझ्या ओठांवर आलंही होतं. मी बायाक्काकडं बघितलं आणि जीभ चावली.

"माझं नाव सांगा," ती म्हणाली. "बायाक्का. वडगावची."

"बरा. आनी?"

"आणि काय न्हाय. मागायला आली न्हाय म्हणावं. आपली अशीच आलीय."

"अशीच?" तांडेलानं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "असा गाऱ्हाणा माज्या बापाशीनय कदी घातलेला नाय."

"मग तुमी घाला."

मला भीती वाटली, हा आता नाही म्हणतो की काय. गड्यांपैकी एकजण खाली बघून हसला, त्याला तांडेलानं डोळ्यानं दाबलं. मग त्यानं घसा साफ केला आणि अशा मोठ्यानं सुरुवात केली की किनाऱ्यावरची माणसं थांबली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गडी ओरडले.

"आज ही वडगावची बायाक्का तुझ्या दर्यात येता हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका धन नको! पोर नको! कोणाचा दुखणा बरा करूचा नाय! कोणाचो नवस फेडूचो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ती कोणाच्या कामाक इल्ली नाय! ती आपल्यासाठी इली हा! तिचा नाव बायाक्का!"

"व्हय म्हाराजा!"

मी रडायला लागले. आमच्या घरात देवापुढं किती वेळा हात जोडले गेले, किती ओट्या भरल्या गेल्या. मालकांच्या नावानं, माझ्या नावानं, पोरांच्या, मागाच्या, सुताच्या भावाच्या सुद्धा. बायाक्काचं नाव देवापुढं कुणी उच्चारलेलं मला आठवेना. मी आठवून आठवून बघितलं. एकदाही नाही. आणि इथं एक परका माणूस ते नाव दर्याला ओरडून सांगत होता.

बायाक्का रडली नाही. ती ताठ उभी होती, पायांवरून पाणी येत होतं, जात होतं.

"तिचा जा काय आसा, ता तिका गावांदे रे म्हाराजा!" तांडेल ओरडला, म्हणजे जे तिचं असेल ते तिला मिळू दे, आणि त्यानं नारळ पाण्यात भिरकावला.

गडी तोंड उघडणार, इतक्यात बायाक्काच ओरडली, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, "व्हय म्हाराजा!" मग तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, तांडेलणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मचव्यात चढली.